मेंढरांपाशी कोण राहिलं?

आमच्या चर्चच्या मंडळीत आजारातून उठलेल्या माणसाने साक्ष द्यायची पद्धत आहे. रविवारच्या उपासनेत पुढे जाऊन उभं राहायचं, प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं आणि मग सगळ्यांनी मिळून हालेलूया म्हणायचं. मी आता साताऱ्यात घरी आहे. काठी टेकत चालते, चपात्या सोडून बाकीचा स्वयंपाक करते, शाळेत अर्धा दिवस शिकवायलाही जाते. म्हणजे रीतीप्रमाणे माझी साक्ष व्हायलाच हवी. पाळकसाहेबांनी तीनदा विचारलं, मी तीनदा टाळलं. पुढे जाऊन सांगू काय? माझ्या बाबतीत चमत्कार झाला नाही. जे झालं ते मुंगीच्या पावलांनी झालं. आणि मला जे सांगावंसं वाटतं ते बरं होण्याच्या आधीचं आहे, मी ओंडक्यासारखी पडून होते तेव्हाचं. ते माईकसमोर बोलायला मला जमणार नाही, म्हणून लिहून बघते. कुणी अशाच खाटेवर पडलं असेल आणि भोवतीचे लोक "विश्वास धरा, विश्वास धरा" म्हणत असतील, तर त्याने तरी हे वाचावं.

एक चप्पल

नोव्हेंबर संपत आला होता. नाताळची नाटिका बसवायचं काम वीसेक वर्षं माझ्याकडे आहे. मला सगळ्या कामात नाक खुपसायची सवय. मंडळीत मागून मला "कलेक्टरबाई" म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. त्या दिवशी तालीम संपवून मी चर्चच्या दारातून बाहेर आले. हे स्कूटर लावून उभे होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, एकाच पायात चप्पल घालून कुठं निघालीस?"

खाली पाहिलं तर उजवा पाय अनवाणी. चप्पल मागे पायरीवर राहिली होती आणि मी दगडगोट्यांतून दहा-बारा पावलं चालत आले होते. पायाने मला काही कळवलंच नव्हतं. आम्ही दोघं हसलो.

दुसऱ्या दिवशी शाळेचा जिना चढताना कठडा धरावा लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत पडले आणि उठता येईना. सातारच्या डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय जागचा हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली, तोही नाही. मग ते माझ्याकडे बघायचं सोडून यांच्याकडे बघून बोलायला लागले, तेव्हाच मी काय ते ओळखलं.

आजाराचं नाव सगळे जीबीएस असं आखूड घेतात. मला समजलं ते एवढंच, की शरीराची राखण करणारी ताकद चुकून आपल्याच नसांवर उठते. पायापासून वर चढत जाते, कुठेतरी थांबते, मग सावकाश उतरते.

"थांबते कुठे?" मी विचारलं.

"ते आधी सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले. "छातीपर्यंत गेली तर श्वासासाठी मशीन लागेल. सांगलीला हलवा. आजच."

हे सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले आहेत, आता कारखान्यात सिक्युरिटीला आहेत. घाबरले की ते जास्तच शिस्तीत वागतात. ॲम्ब्युलन्समध्ये ते माझ्या उशाशी ताठ बसले होते आणि मला खिडकी दिसत नाही म्हणून मोठ्याने सांगत होते, "उंब्रज गेलं. कराड आलं. आता पूल." मी डोळे मिटून प्रार्थना करायचा प्रयत्न करत होते. वीस वर्षं मी चर्चमधल्या रविवारच्या शब्बाथशाळेत मुलांना प्रार्थना शिकवली आहे, पण त्या वाटेवर मला "प्रभू" या शब्दाच्या पुढे जाता येईना.

एका श्वासात

दवाखान्यात रोज तीन-चार वेळा एक परीक्षा असायची. खोल श्वास घ्यायचा आणि तो न तोडता एक, दोन, तीन असे आकडे म्हणत जायचं. पहिल्या दिवशी मी तिसाच्या पुढे गेले. चौथ्या दिवशी बावीस. सातव्या दिवशी चौदाला श्वास संपला आणि नर्सने तो आकडा कागदावर लिहिला. पाय केव्हाच गेले होते. मग कंबर गेली, बोटं गेली, चेहऱ्याची एक बाजू ओघळली. आता फक्त छाती उरली होती.

ही भीती कशी असते ते लिहिते, कारण मला ती कुणी सांगितली नव्हती. तुमचं डोकं शाबूत असतं, तोंडावरचा स्पर्श कळत असतो, पण नाकाला खाज सुटली तर ती दुसऱ्याने खाजवावी लागते. गालावर माशी बसली तर ती स्वतःहून उठेपर्यंत वाट बघायची. दर दोन तासांनी तुम्हाला कुशीवर वळवतात आणि ज्या कुशीवर ठेवतील तिकडचीच भिंत बघायची. शी-लघवीचं भांडं कुणीतरी लावणार, कुणीतरी काढणार, कुणीतरी पुसणार. पहिल्यांदा ते झालं तेव्हा मी मनातल्या मनात ओरडले, की यापेक्षा घेऊन जा. तीच माझी त्या दिवसातली एकमेव प्रार्थना, आणि ती प्रार्थना नव्हती हे मला पक्कं माहीत होतं.

एरवी मी डोळे मिटले की सगळं लक्ष छातीकडे जायचं, उठतेय ना, बसतेय ना. हात जोडायचे तर हात हलत नव्हते. देव माझं ऐकत नाही असं वाटण्याइतकीही ताकद माझ्यात नव्हती. माझ्याकडे त्याला सांगायलाच काही उरलं नव्हतं.

अकरा नंबर

आकडा चौदाच्या खाली गेला नाही म्हणून मला आयसीयूतून मोठ्या वॉर्डात आणलं, तेव्हा साताऱ्याहून मंडळी भेटायला आली. गाडी करून चौदा जण आले. खाटेभोवती उभं राहून त्यांनी गाणं म्हटलं, मग पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, मग आणखी तिघांनी केली. मला तेव्हा भांडं हवं होतं. माझं बोलणं बोबडं झालं होतं, आवाज पुटपुटल्याएवढा. मी दोनदा सांगायचा प्रयत्न केला, त्यांना वाटलं मी त्यांच्याबरोबर आमेन म्हणतेय. मी स्वतः किती आजाऱ्यांच्या उशाशी उभं राहून अशाच लांबलचक प्रार्थना केल्या आहेत! त्यातल्या एखादीला लघवी लागली असेल, असं मला कधी सुचलं नव्हतं.

जाताना एकीने माझ्या कानाशी वाकून सांगितलं, "नाताळला तू चालत येणार. आम्ही तसं मागितलंय."

ते कुणी ठरवलं, हे पुढच्या रविवारी कळलं. आमची मुलगी इस्तेर साताऱ्यात कॉलेजला आहे आणि मंडळीच्या तरुण संघाची सचिव आहे. ती घरी एकटी राहत होती, रविवारी एसटीने सांगलीला यायची. त्या रविवारी तिने नाताळच्या उपासनेची कार्यक्रमपत्रिका आणली. छान पिवळी, वर तारा. माझ्या डोळ्यांसमोर धरून तिने बोट ठेवलं. अकरा नंबर : साक्ष. पुढे माझं नाव.

हे खुर्चीवर बसले होते. पत्रिका घेऊन वाचली आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"हे काय छापलंय?"

"पप्पा, विश्वास म्हणजे आधीच मानायचं असतं. मागतानाच मिळालं असं समजायचं. आईनंच शिकवलंय."

"देव काय तुझ्या तरुण संघाचा मेंबर हाय? पत्रिका छापली की हजर व्हायला?"

"तुमचा विश्वासच नाही म्हणून आई..." एवढं बोलून ती थांबली. पण जे पोचायचं ते पोचलं होतं. हे उठून बाहेर गेले. इस्तेर रडायला लागली. आणि मी, जिने हे सगळं शिकवलं होतं, त्या दोघांच्या मध्ये पडून होते. एकाला हाक मारता येईना, दुसरीच्या पाठीवरून हात फिरवता येईना.

वीस डिसेंबरला डॉक्टर म्हणाले, की चढणं थांबलंय. छातीच्या काठावर येऊन थांबलंय. मशीन लागणार नाही. "आता उतरेल. पण महिने धरून चाला. दिवस मोजू नका." यांनी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. इस्तेरला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अजून पाच दिवस आहेत. देवाला पाच दिवस लय झाले."

मला त्या दिवशी स्वतःच्या पायांपेक्षा तिची भीती वाटली. मी पंचवीस तारखेला उठणार नव्हते. भरल्या चर्चमध्ये अकरा नंबर येणार होता आणि तिथे माझी पोर उघडी पडणार होती. तिचा देव त्या पत्रिकेवर तिने छापून ठेवला होता आणि तो तिथे येणार नव्हता. मला तिच्यासाठी प्रार्थना करायची होती. तीही येत नव्हती.

हिरामावशी

वॉर्डात आम्हाला पुसणाऱ्या, वळवणाऱ्या, भरवणाऱ्या मावशींचं नाव हिराबाई. साठीला टेकलेल्या, बुटक्या, हाताला दणकट. माहेर माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढचं. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. मला उचलताना त्या एक हात मानेखाली आणि एक कमरेखाली असा सारायच्या, की कुठे दुखायचं नाही. मी एकदा कौतुक केलं तर म्हणाल्या, "आवं, गाभण मेंढी खड्ड्यात पडली तर अशीच काडायची असती. तुमी तर लय हलक्या."

नाकाची खाज त्यांना न सांगता कळायची. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या पदराच्या टोकाने नाक चोळून द्यायच्या. त्या मला अंघोळ घालून चादरीत गच्च गुंडाळायच्या, तेव्हा मला आमच्या नाटिकेतली बाळ येशूची बाहुली आठवायची. दरवर्षी मी ती पांढऱ्या कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवत आले, आणि दरवर्षी मुलांना सांगत आले की देव लहान झाला, दीन झाला. गुंडाळलेल्याला कसं वाटतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. खाज सुटते आणि सांगता येत नाही. भूक लागते आणि कुणीतरी येईपर्यंत थांबावं लागतं. त्या बाळालाही कुणीतरी पुसलं असेल, वळवलं असेल. हा विचार गोड होता असं मी म्हणणार नाही. मला त्याची कीव आली. देवाची कीव मला आयुष्यात पहिल्यांदा आली.

पंचवीस तारीख

आदल्या संध्याकाळी इस्तेरचा फोन आला. यांनी तो माझ्या कानाशी धरला. "आई, तू उठलीस का?" मी नाही म्हणाले. ती म्हणाली, "मी उद्या उपासनेला जात नाही. काय तोंड दाखवू?" माझ्यातली कलेक्टरबाई तेवढ्यापुरती जागी झाली. "जायचं. नाताळला घरात बसायचं नाही." तिने फोन ठेवून दिला.

सकाळी मी यांनाही सांगलीतल्याच एका चर्चला पाठवलं. ते जायला तयार नव्हते. "माझ्यापाशी बसून काय करणार? जा," म्हटलं. वॉर्डात नर्सच्या टेबलावर कागदाचा तारा लावला होता. हिरामावशी नाचणीची पेज भरवत होत्या. त्यांनी विचारलं, "बाई, आज तुमचा सण न्हवं? कशाचा असतुया?"

मी सांगायला लागले. जीभ जड, ओठ एका बाजूला. दोन घोटांच्या मध्ये दोन वाक्यं. लांबचा प्रवास, दिवस भरलेली बाई, राहायला जागा नाही, गोठ्यात बाळंतपण. मावशी "आगं बया" म्हणाल्या. मग रानात मेंढरं राखणारे लोक होते, तिथपर्यंत आले, तशा त्या चमचा हातात धरून थांबल्याच.

"मेंढकं व्हती व्हय ती?"

"हो. मेंढपाळ. रात्री राखण करत होते. देवदूताने त्यांना सांगितलं, बाळ जन्मलंय. मग ते सगळे गावात धावत गेले बाळाला बघायला."

"समदी गेली?"

"सगळे."

"आन् मेंढरांपाशी कोण राहिलं?"

वीस वर्षं नाटिका बसवतेय. दरवर्षी डोक्याला टॉवेल गुंडाळलेली चार-पाच मुलं गाणं म्हणत गव्हाणीकडे नेते. कापूस चिकटवलेली मेंढरं स्टेजच्या कोपऱ्यात रांगत राहतात. त्यांच्यापाशी कुणी ठेवावं, असं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"तसं काही लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"लिवलं नसंल. पर राहिलं असणार कोणतरी. आवं, कळप उघडा टाकून कोण जातंय का कुठं? आमी समदी कुणाच्या लग्नाला गेलो तरी एक माणूस मागं ऱ्हायचंच. लांडगा काय लगीन बगून येतुया व्हय?" त्यांनी माझी हनुवटी पुसली. "माझ्या सख्ख्या भनीचं लगीन. माझा पाय मुरगाळल्याला. समदी म्हनली, हिरे, तुला चालाय येत न्हाई, तूच ऱ्हा मेंढरांपाशी."

"वाईट वाटलं असेल."

"लय रडली. वाजंत्री ऐकू येत व्हती लांबनं. पर आमच्यात एक हाय बगा. मागं ऱ्हायलेल्याला समद्यांनी येऊन सांगावं लागतंय. कोण आलतं, कोण रुसलं, नवरी काय नेसली व्हती. त्येच्या वाटचं जेवान आनायचं आन् समदं सांगायचं. सांगितल्याबिगर आपण भाकरीला हात लावायचा न्हाई."

पेज संपली. त्या पातेलं घेऊन पुढच्या खाटेकडे गेल्या. मला लगेच प्रार्थना आली, असं मी इथे लिहिणार नाही. पण कितीतरी दिवसांत पहिल्यांदा माझं लक्ष छातीवरून हललं. मी त्या माणसाचा विचार करत राहिले. चालता येत नसल्याने मागे राहिलेला एकजण. त्याला बाळ दिसलं नाही, लांबून काही ऐकू आलं असेल तेवढंच. अंधारात मेंढरांच्या अंगाला लागून बसला असेल. त्याच्यासाठीही ते बाळ जन्मलं होतं की नव्हतं? नव्हतं म्हणायला माझी जीभ रेटेना.

इस्तेर दुपारी चारच्या सुमाराला आली. नवा ड्रेस, केस विस्कटलेले, एसटीत रडून आलेले डोळे. हे चहा आणायला खाली गेले होते. ती खुर्ची ओढून खिडकीकडे तोंड करून बसली. मी विचारलं, उपासना कशी झाली. ती म्हणाली, "झाली." मी विचारलं, नाटिका? ती म्हणाली, "आई, मला त्यातलं काही नको विचारू. मी आता कधी काही मागणार नाही त्याच्याकडं."

मला तिला समजवायचं होतं, पण समजवण्यासारखं माझ्याकडे काय होतं? होतं ते मावशींचं. म्हणून तेच सांगितलं, तुटक तुटक. मेंढरांपाशी कोण राहिलं, बहिणीचं लग्न, मुरगळलेला पाय. तिने मान वळवली नाही, पण ऐकत होती, हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

"मग परत आल्यावर त्यांनी त्याला सांगितलं का?" तिने विचारलं.

"मावशी म्हणतात, सांगावंच लागतं."

मग तिने पर्समधून ती पिवळी पत्रिका काढली, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि नाक ओढत म्हणाली, "एक. प्रार्थना. पाळकसाहेब. नेहमीसारखी लांब." मग दोन. मग तीन. कुणाचा माईक शिट्टी वाजवत होता, योसेफ झालेल्या मुलाची दाढी गव्हाणीत कशी पडली, करंज्या कुणाच्या घरच्या कडक झाल्या. दहापर्यंत आली आणि थांबली.

"मग अकरा," ती म्हणाली. "पाळकसाहेबांनी तुझं नाव वाचलं. वाचताना त्यांनाही कळलं असणार, पण तोवर वाचून झालं होतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मग मी गेले पुढं."

"काय म्हणालीस?"

"मी ठरवून गेले होते. देवानं ऐकलं नाही, असं सांगायचं, सगळ्यांसमोर. पण माईकपाशी गेल्यावर एवढंच आलं. माझी आई आलेली नाही. ती सांगलीला दवाखान्यात आहे. तिला अजून उठता येत नाही, चमचा धरता येत नाही. पप्पा तिच्यापाशी आहेत. आणि येऊन बसले."

"मग?"

"मग कुणीच काही बोललं नाही. हालेलूया नाही, काही नाही. खूप वेळ. मग पाळकसाहेब म्हणाले, आमेन. मग सगळेच म्हणाले, हळू." तिने माझ्याकडे पाहिलं. "आई, याला आमेन कशाला म्हणायचं?"

"खरं होतं म्हणून," मी म्हणाले. बोबडं बोलणं, तिला दोनदा सांगावं लागलं.

उताण्या पडलेल्या माणसाचं रडणं कानात जातं. इस्तेरने नव्या ओढणीच्या टोकाने माझा आधी एक कान पुसला, मग दुसरा. मग पत्रिका पुन्हा उलगडून बोट ठेवलं आणि म्हणाली, "बारा. सामुदायिक गीत. पेटी एका गावाला चालली होती आणि तबला दुसऱ्या." आणि तिथून शेवटच्या आशीर्वादापर्यंत, एकही नंबर न गाळता, तिने मला सगळा नाताळ सांगितला.